खारपाणपट्ट्यातले आधण : उकळत्या पाण्याचा इतिहास

दर्यापूरला माझ्या खालांच्या घरी चुलीशेजारी एक जर्मनचे पातेले असते. ते फक्त पिण्याचे पाणी उकळण्यासाठी वापरतात. त्याच्या आत तळापासून काठापर्यंत पांढरट, खरबरीत थर चढलेला आहे. नखाने खरवडला तर त्याचे पापुद्रे निघतात. मागच्या भेटीत मी विचारले, बोअरचे पाणी पिता का? खाला म्हणाल्या, “उकाल के पीते ना हम, बेटा. आधा घंटा उकालते. अब क्या डर?”

घरात मुतखड्याचा त्रास झालेली दोन माणसे आहेत. दोघांनाही पाणी उकळून पिण्याचा सल्ला कुणी ना कुणी दिला होता आणि दोघांनीही तो इमानदारीने पाळला होता. खालांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि अर्धे चूक. ते कुठे खरे आणि कुठे चूक, हे समजून घ्यायचे तर पाणी उकळते म्हणजे नेमके काय होते हे पाहावे लागते. गंमत अशी की हा रोजचा प्रकार माणसाला नीट कळायला हजारेक वर्षे लागली. त्या इतिहासात बगदादचे हकीम आहेत, मोगल जनानखान्यातली एक बेगम आहे, ग्लासगोचा एक प्राध्यापक आहे आणि आपल्या बनोसा स्टेशनवरून धूर सोडत जाणारे इंजिनही आहे.

दर्या आणि खार

दर्यापूरचे नाव वऱ्हाडच्या इमादशाहीतल्या दर्या इमादशहावरून पडले, असे मानतात. सोळाव्या शतकात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही त्या घराण्याची राजधानी होती. फारसीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि मोठी नदीही. त्यामुळे बाहेरगावचा पाहुणा पहिला घोट घेऊन हमखास म्हणतो, नाव दर्यापूर आणि पाणीही दर्याचेच!

पाणी खारे आहे त्याचे कारण जमिनीत आहे. मेळघाटातून उतरणारी चंद्रभागा दर्यापूरजवळून वाहत पुढे पूर्णेला मिळते. या पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. त्या गाळातल्या पाण्यात सोडियमचे क्षार मोठ्या प्रमाणात विरघळलेले आहेत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला आपण खारपाणपट्टा म्हणतो. इथे विहीर खणली की पाणी लागते, पण ते ना पिकाला मानवते ना माणसाला. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी विहिरी आणि बोअर ही दुसरी मर्यादाही ओलांडतात.

असे पाणी आपण पातेल्यात ओतून चुलीवर ठेवतो. थोड्या वेळाने तळाशी बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते. मग पातेले गुणगुणू लागते. तळाशी वाफेचे बुडबुडे जन्मतात, वरच्या गार पाण्यात शिरताच मिटतात आणि त्यांच्या मिटण्याचा तो आवाज येतो. सगळे पाणी तापले की बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोचतात आणि आधण येते. आता वर चाललेली वाफ ही फक्त पाण्याची आहे. मीठ तिच्याबरोबर जात नाही. ते पातेल्यातच राहते. उकळण्याने पाणी वर जाते आणि क्षार खाली राहतात, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

कर्अ आणि अंबीक

वर जाणारी वाफ धरून थंड केली तर काय मिळते? समुद्राच्या पाण्याची वाफ पुन्हा पाणी झाली की गोड असते, हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते. पण हे ज्ञान रोजच्या उपयोगाच्या भांड्यात उतरवले ते पुढे इजिप्तमधल्या ग्रीक किमयागारांनी आणि त्यांच्यानंतर अरबी भाषेत लिहिणाऱ्या विद्वानांनी.

या भांड्याचे दोन भाग होते. खालचे भांडे भोपळ्याच्या आकाराचे. त्याला अरबीत ‘कर्अ’ म्हणत, म्हणजे भोपळाच. त्यावर बसवायच्या, चोच असलेल्या टोपणाला ‘अल्-अंबीक’ म्हणत. खाली द्रव उकळायचा, वाफ टोपणाला लागून थंड व्हायची आणि चोचीतून थेंब थेंब बाहेर पडायची. मराठी शाळेत आपण याला ऊर्ध्वपातन म्हणून शिकलो. युनानी दवाखान्यांत आजही ‘करा-अंबीक’ हाच शब्द चालतो आणि बडीशेपेचा, गुलाबाचा अर्क याच रीतीने काढतात.

जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावर असलेल्या ग्रंथांत, नवव्या शतकातल्या अल्-किंदींच्या अत्तर आणि ऊर्ध्वपातनावरच्या ग्रंथात, तसेच इ.स. ९२५ च्या सुमारास वारलेल्या अबू बक्र अल्-राझींच्या ‘किताब अल्-असरार’मध्ये या उपकरणांची आणि कृतींची वर्णने आहेत. अल्-किंदींच्या ग्रंथात शंभरावर कृती आहेत. किती विस्तव, कोणते भांडे, कोणता लेप, असे तपशील त्यात येतात. कारागिराच्या हातातली विद्या कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हातात देणे, हे या लोकांचे मोठे काम.

इथे थोडे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या मोबाईलवर अधूनमधून संदेश येतात. जाबिरने सगळे रसायनशास्त्र शोधले, वाफेचे इंजिनही मुसलमानांनीच आधी बनवले, युरोपने फक्त चोरी केली, असा त्यांचा सूर असतो. आपल्या समाजाला रोज हिणवले जात असताना असे संदेश पुढे ढकलावेसे वाटणे मी समजू शकतो. पण ते खरे नाहीत. जाबिरच्या नावावरचे ग्रंथ अनेक हातांनी, दोन-तीन पिढ्यांत लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘अंबीक’ हा शब्द मुळात ग्रीक ‘अंबिक्स’वरून आला. अरबीत त्याला ‘अल्’ जोडला गेला, लॅटिनमधून तो युरोपात गेला आणि ‘अलेम्बिक’ झाला. १९०७ मध्ये बडोद्यात स्थापन झालेल्या औषध कंपनीचे नाव तेच आहे.

इंजिनाच्या दाव्याचेही तसेच. दमास्कसमध्ये जन्मलेल्या तकीउद्दीन यांनी १५५१ च्या आपल्या ग्रंथात वाफेच्या झोताने पात्यांचे चाक फिरवून मांस भाजण्याची सळई आपोआप फिरवण्याची युक्ती लिहिली, हे खरे आहे. पण त्याच्या दीड हजार वर्षे आधी अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वाफेने फिरणाऱ्या गोळ्याचे वर्णन केले होते, हेही खरे. आणि या दोन्हींतून पुढचे इंजिन जन्मले नाही, हेही तितकेच खरे. ज्ञान हातोहात जाते. आपल्या पूर्वजांनी ते घेतले, त्यात भर घातली आणि पुढे दिले. एवढे खरे सांगितले तरी मान ताठ राहते.

गरम गुलाबजलावरची साय

भारतात ही विद्या देग आणि भपका या नावांनी रुजली. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, वरून चिकणमातीने बंद केलेले झाकण, बांबूच्या नळीतून भपक्यात उतरणारी वाफ, आणि भपका थंड पाण्यात ठेवलेला. कनौजचे अत्तरवाले आजही असे काम करतात. मेळघाटात मोहाची दारू गाळण्याची पद्धतही तत्त्वाने हीच. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० ला. म्हणून आधी येणाऱ्या वाफेत मद्यार्क जास्त असतो.

जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात एक नोंद आहे. त्याची सासू, म्हणजे नूरजहाँची आई अस्मत बेगम, गुलाबजल करत होती. गरम गुलाबजल भांड्यांत ओतल्यावर त्यावर सायीसारखा थर येतो, हे तिच्या लक्षात आले. तिने तो थर थोडा थोडा गोळा केला. तेच गुलाबाचे अत्तर. एक थेंब तळहातावर चोळला तरी सगळी मजलिस दरवळे. सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ नाव दिले.

पाकळ्यांतल्या तेलाला एकटे उकळवायचे तर पाण्यापेक्षा खूप जास्त उष्णता लागेल आणि तेल जळून जाईल. पण पाण्याबरोबर उकळले की दोघांच्या वाफांचा दाब एकत्र होतो आणि १०० अंशांच्या आतच तेलही वाफेबरोबर वर येते. थंड झाल्यावर ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून वर तरंगते. अस्मत बेगमला हे कारण ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. पण शेकडो लोकांनी पाहिलेली साय तिने ‘पाहिली’. इतिहासाच्या पुस्तकांत हकीम आणि बादशहा असतात. चुलीपाशी उभ्या बायका क्वचित असतात. म्हणून ही नोंद मला मोलाची वाटते.

कुठे, किती अंशांवर?

पाणी १०० अंशांवर उकळते, हे आपण पाठ करतो. ते समुद्रकाठी खरे आहे. दर्यापूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे. इथे पाणी ९९ अंशांजवळ उकळते. चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर, ते ९६ च्या आसपासच उकळी धरते. म्हणून तिथे डाळ शिजायला वेळ लागतो.

कारण हवेचा दाब. पाण्याच्या वाफेचा दाब वरच्या हवेच्या दाबाइतका झाला की आतल्या आत बुडबुडे टिकू लागतात. त्यालाच आपण उकळणे म्हणतो. हवा विरळ असेल तर ती बरोबरी लवकर होते. उलट, भांड्याचे तोंड घट्ट बंद करून दाब वाढवला तर पाणी १०० च्या पुढे तापते. १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच माणसाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे बंद भांडे मांडले. त्यात कडक हाडेही मऊ होत. ते फुटू नये म्हणून त्याने सुरक्षा झडप बसवली. आपल्या घरातली कुकरची शिट्टी त्याच झडपेची नात. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या जवळ जाते.

अठराव्या शतकात तापमापक बनवणाऱ्यांपुढे एक डोकेदुखी उभी राहिली. एकाच गावात, एकाच दिवशी, उकळत्या पाण्याचे तापमान सारखे येईना. भांडे काचेचे की धातूचे, पाण्यात हवा किती, क्षार किती, यांवर ते हलायचे. जिनिव्हाच्या द लूकने पाणी कित्येक आठवडे हलवून त्यातली हवा काढली, तर ते १०० च्या बरेच वर जाऊनही उकळेना. कारण बुडबुड्याला जन्मायला काहीतरी आधार लागतो, हवेचा कण किंवा भांड्याचा ओरखडा. शेवटी रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. १७७७ च्या अहवालात समितीने सांगितले की तापमापक उकळत्या पाण्यात बुडवू नका, त्याच्यावरच्या वाफेत धरा. पाणी चंचल असते, वाफ स्थिर असते.

खारपाणपट्ट्याच्या दृष्टीने यात एक बारीक मुद्दा आहे. मिठाने पाण्याचा उकळबिंदू वाढतो, पण फारच थोडा. समुद्राच्या पाण्यातसुद्धा तो फरक सुमारे अर्ध्या अंशाचा. आपल्या बोअरच्या पाण्यात तर अंशाच्या दहाव्या भागाइतकाही नाही. त्यामुळे आधण बघून पाणी खारे की गोडे, हे कुणालाच कळत नाही. दोन्ही पाणी सारखेच खळखळते.

चार मिनिटे आणि वीस मिनिटे

आता ग्लासगोला जाऊ. तिथे जोसेफ ब्लॅक हे वैद्यक आणि रसायनाचे प्राध्यापक होते. त्यांना एक साधा प्रश्न पडला. पाणी उकळू लागल्यावर त्याखाली विस्तव चालूच असतो, तरी त्याचे तापमान वाढत नाही. मग ती उष्णता जाते कुठे?

१७६२ मध्ये त्यांनी सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यांत थंड पाणी, आजच्या हिशोबाने सुमारे १० अंश सेल्सिअसचे, घेतले आणि लालबुंद शेगडीवर ठेवले. चार मिनिटांत ते उकळू लागले. पण पूर्ण आटून जायला त्यापुढे वीस मिनिटे लागली. विस्तव तोच. म्हणजे पाणी उकळीपर्यंत आणायला जितकी उष्णता लागली, त्याच्या पाचपट त्याची वाफ करायला लागली. ही उष्णता तापमापकात दिसत नाही. ती वाफेत दडून बसते. ब्लॅक यांनी तिला दडलेली उष्णता म्हटले. आपण तिला सुप्त उष्णता म्हणतो. आजच्या मोजणीनुसार एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. आपल्याकडचे ३० अंशांचे पाणी उकळीला आणायला मात्र फक्त ७०. शेगडी आणि घड्याळ घेऊन केलेला तो प्रयोग आजच्या आकड्याच्या बराच जवळ गेला होता.

याच विद्यापीठात जेम्स वॉट नावाचा उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याच्याकडे खाणीतले पाणी उपसणाऱ्या न्यूकोमेन इंजिनाचा छोटा नमुना दुरुस्तीला आला. थोडक्या वाफेने इतके गार पाणी कसे तापते, हे कोडे त्याला पडले आणि ब्लॅक यांनी त्याला सुप्त उष्णतेचे कारण समजावले. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्येच गार पाणी मारून थंड करत. त्यामुळे प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड व्हायचा आणि पुन्हा तापवताना कोळसा वाया जायचा. १७६५ मध्ये वॉटला सुचले की वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करावी. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. वाफ एका भांड्यात आणि गारवा दुसऱ्या भांड्यात, ही रचना देग-भपक्यातही होती. हेतू मात्र वेगळा. अत्तरवाल्याला थेंब हवा होता, वॉटला ताकद.

बनोसा स्टेशनचे इंजिन

ही ताकद वऱ्हाडात आली ती कापसाच्या मागे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ पर्यंत मुंबईहून रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. गावोगाव वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठी बांधायच्या आणि गाडीत भरायच्या. उंच धुराडे हे वऱ्हाडातल्या प्रत्येक बाजारपेठेच्या गावाचे चिन्ह झाले.

मोठ्या लोहमार्गापर्यंत कापूस आणण्यासाठी अडीच फुटी अरुंद रूळ टाकले गेले. तीच आपली शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. दर्यापूरचे स्टेशन बनोसा या दुसऱ्या फाट्यावर. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले झेडडी जातीचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेलने घेतली. सत्तर वर्षे या मार्गावर पाणी उकळत होते. आता ती गाडीही बंद आहे.

इंजिनाचे पोट म्हणजे आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंबच, फक्त आडवा आणि प्रचंड. बंबात मधोमध विस्तवाची नळी असते आणि भोवती पाणी. इंजिनात अशा पुष्कळ नळ्या असतात. विस्तव लोखंड नरम करू शकेल इतका तीव्र, तरी लोखंड टिकते, कारण पलीकडे पाणी उकळत असते आणि उष्णता ओढून नेत असते. कागदाच्या द्रोणात पाणी घालून तो मंद ज्योतीवर धरला तर पाणी तापते, पण द्रोण जळत नाही. तीच गोष्ट.

आता यात खारे, जड पाणी घाला. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापले की नळ्यांवर दगडासारखा थर धरतात. खालांच्या पातेल्यात दिसला तोच थर. हा थर लोखंडापेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहतो. पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये जणू भिंत उभी राहते. पाणी तापायला जास्त कोळसा लागतो आणि लोखंड मात्र लाल होत जाते. सोडियमच्या क्षारांची खोड वेगळी. त्यांच्यामुळे बॉयलरमध्ये फेस धरतो आणि वाफेबरोबर पाण्याचे थेंब सिलिंडरमध्ये शिरून नुकसान करतात. शिवाय वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि रोज नवे पाणी नवे क्षार आणते. म्हणून बॉयलरचे तळातले गढूळ पाणी ठरावीक वेळाने सोडून द्यावे लागते आणि नळ्या खरवडाव्या लागतात. पाणी कसले घालायचे, हा बॉयलर सांभाळणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो.

पाण्याची पातळी खाली गेली तर अनर्थ. उघडी पडलेली लोखंडी पाठ तापून नरम होते. तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होते, हे भाकरी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब लगेच आटतो. पण फार तापला असेल तर थेंब मोत्यासारखा नाचत राहतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. १७५६ मध्ये लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने लाल तापलेल्या लोखंडी चमच्यात हे पाहून लिहून ठेवले. १९३४ मध्ये जपानच्या शिरो नुकियामा यांनी तापत्या तारेवर प्रयोग करून या साऱ्याचा आलेख काढला. धातू तापत जाईल तशी उकळी जोर धरते, पण एका मर्यादेनंतर वाफेचा पडदा आड येतो आणि पाणी उष्णता ओढेनासे होते. आजच्या अणुभट्ट्यांतही या मर्यादेची धास्ती असते.

आणि बॉयलर फुटतो तेव्हा नुसती वाफ बाहेर येत नाही. दहापट दाबाखाली पाणी १८० अंशांच्या आसपास तापलेले असते. दाब एकदम सुटला की त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची उघड्या हवेत सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. यासाठीच इंजिनात शिशाचा प्लग बसवत. पातळी घसरली की तो वितळून वाफ विस्तवावर सुटे. आणि यासाठीच बॉयलरची तपासणी सक्तीची करणारा भारतीय बॉयलर कायदा आला, तोही १९२३ मध्ये, म्हणजे शकुंतलेचे इंजिन रुळावर आले त्याच वर्षी.

लोखंडाच्या बॉयलरसाठी पाणी तपासायचे, ही शिस्त शंभर वर्षांपूर्वी या देशात रूढ झाली होती. माणसाच्या मूत्रपिंडासाठी पाणी तपासण्याची सवय आपल्या गावांत अजून लागलेली नाही.

मग खालांनी काय करावे?

आता त्या पातेल्याकडे परत जाऊ. उकळण्याने जंतू मरतात, हे खालांचे अर्धे सत्य. पटकी, हगवण, कावीळ पसरवणारे जंतू टिकत नाहीत आणि त्यासाठी खळखळून आलेली एक मिनिटाची उकळीही पुरते. पुराच्या दिवसांत किंवा गढूळ पाणी आले तर जरूर उकळावे.

पण क्षार मरत नाहीत. कॅल्शियमचा काही भाग तळाशी धरतो, तो पांढरा थर. तेवढ्यापुरते पाणी हलके होते. मीठ, नायट्रेट, फ्लोराइड मात्र पाण्यातच राहतात. उलट अर्धा तास उकळून दहा लिटरचे आठ लिटर केले, तर दहा लिटरमधले मीठ आता आठ लिटरमध्ये आले. पाणी सव्वापट खारे झाले. ज्या घरात मूत्रपिंडाचा आजार आहे, तिथे ही मेहनत उलटी पडते.

मग वाफ धरून गोड पाणी का करू नये? अंबीक तर हजार वर्षांपासून आहे. ब्लॅक यांच्या हिशोबात याचे उत्तर मिळते. एक लिटर पाणी पूर्ण वाफ करायला सुमारे पाऊण युनिट वीज लागते. पिण्या-स्वयंपाकाला रोज वीस लिटर धरले तर रोज चौदा युनिट. गॅसवर केले तर सिलिंडर आठवडाभरात संपेल. हे गरिबाचे काम नाही.

ही उष्णता पुन्हा वापरण्याची एक रीत आहे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात उसाचा रस आटवताना पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्या भांड्याखाली नेली. दुसऱ्यात दाब कमी ठेवला, म्हणजे ते कमी तापमानालाच उकळते. एकदा जाळलेल्या इंधनात दोन-तीनदा काम. रिल्यू यांची आई कृष्णवर्णीय होती आणि त्या काळच्या अमेरिकेत त्यांना रोज अपमान सोसावा लागे. आज महाराष्ट्रातला प्रत्येक साखर कारखाना याच तत्त्वावर चालतो. खाऱ्या पाण्याचे काही मोठे कारखानेही याच रीतीने चालतात. चिलीच्या वाळवंटात तर १८७२ मध्ये खाणकामगारांसाठी काचेखाली उन्हाने खारे पाणी आटवून गोडे करण्याचा कारखाना उभा राहिला होता. ऊन आपल्याकडेही काही कमी नाही. पण काच लागते, जागा लागते आणि देखभाल लागते.

गावात आता आरओची मशीन आणि विकतच्या पाण्याचे कॅन आले आहेत. आरओमध्ये पाणी उकळत नाही, दाबाने पडद्यातून ढकलले जाते. म्हणून वीज कमी लागते. पण घरगुती मशीन एका लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर आणखी खारे पाणी बाहेर सोडते. ते पुन्हा त्याच जमिनीत मुरते.

राहिला तो नळ. मेळघाटाच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचे पाणी दर्यापूरपर्यंत येते. ते गोड आहे, कारण ते पावसाचे आहे. समुद्रावर ऊन पडते, पाणी उकळल्याशिवायच वाफ होऊन वर जाते, मीठ मागे राहते आणि मेळघाटाच्या डोंगरांवर ते थंड होऊन कोसळते. अंबीकाचेच काम, फुकटात. त्या पाण्याला नियमित नळ आणि गळकी नसलेली पाइपलाइन हवी. वस्ती गावाच्या टोकाला असो की मध्यभागी, मोहल्ला कुणाचाही असो, तिथपर्यंत ती पोचायला हवी. हे मागण्याचा हक्क दर्यापूरच्या प्रत्येक घराला आहे.

खालांना मी तीन गोष्टी सांगून आलो. पिण्यासाठी नळाचे पाणी भरून ठेवा, बोअरचे धुण्या-भांड्याला वापरा. उकळायचे असेल तर एक उकळी आली की विस्तव बंद करा, आटवू नका. आणि बोअरचे पाणी एकदा बाटलीत भरून तपासायला द्या. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “और ये पतेला?” त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून तासभर ठेवा, थर फेसाळून निघेल, असे मी सांगितले. परवा फोनवर म्हणाल्या, पातेले नव्यासारखे झाले. बाटली अजून भरायची आहे.